यात दिवा कुठाय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. गाडीत बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा. दारात उभे असाल तर मोबाईल खिशात ठेवा, घरी जाऊन वाचा.

विषय ऐकून काहीजण हसतील. ग्राफच्या खाली जी नावं आणि आकडे असतात, त्यांच्या अक्षरांचा आकार, एवढाच विषय आहे. पण या अक्षरांपायी आमची महिनाभराची मेहनत एका सकाळी वाया गेली, आणि चूक माझी होती. म्हणून लिहितोय.

मी दिवा पूर्वेला राहतो. नोकरी ऐरोलीत. म्हणजे रोज दिवा ते ठाणे, आणि ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर. ऑफिसात माझं काम आकडेवारीचं. 'आर' नावाची एक संगणकीय भाषा आहे, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी 1990 च्या दशकात बनवलेली. फुकट मिळते. जगभर संख्याशास्त्रवाले वापरतात. मीही त्यात दिवसभर ग्राफ काढतो, ते साहेबलोक मोठ्या स्क्रीनवर बघतात, मान डोलावतात, संपलं.

आता दिव्याचं. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, जुन्यांना सगळं पाठ आहे. 2 जानेवारी 2015 ला इथे गाड्या अडल्या, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. त्याचं समर्थन नाही, पण लोक किती पिचले होते ते त्या दिवशी दिसलं. डिसेंबर 2016 पासून काही जलद लोकल दिव्याला थांबायला लागल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन सुरू झाली. आणि तरीही 9 जून 2025 च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली. चारजण त्याच दिवशी गेले. त्या सकाळी तासभर आमच्या बिल्डिंगमधला प्रत्येकजण आपापल्या माणसाला फोन लावत होता. माझ्या बायकोने मला अकरा वेळा लावला. मी तेव्हा ऐरोलीत मीटिंगला बसलो होतो, फोन सायलेंटवर.

त्यानंतर आम्ही काहीजणांनी ठरवलं की नुसतं 'गर्दी आहे, गर्दी आहे' म्हणून अर्ज करायचा नाही, मोजून द्यायचं. मोजणी साधी ठेवली. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, या आठ स्टेशनांवर ओळखीतले दोन-चार, दोन-चार लोक धरले. प्रत्येकाने रोज सकाळी एकच आकडा कळवायचा: गाडीत चढायला मिळेपर्यंत समोरून किती गाड्या सोडाव्या लागल्या. शून्य, एक, दोन, तीन, जे असेल ते. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हती, तसा दावाही नाही. पण 'आम्ही मोजलंय' असं म्हणता येणार होतं.

दिव्याच्या लेडीज डब्याची जबाबदारी आमच्या मजल्यावरच्या एका मावशींनी घेतली. मावशी मुलुंडला चार घरी पोळ्या-भाजी करतात. त्यांनी दोनशे पानी वही घेतली, रेघा मारल्या, आणि स्वतःचाच नाही तर रोज बरोबर उभ्या राहणाऱ्या पाचजणींचा आकडा लिहायला लागल्या. तारीख, नाव, किती सोडल्या. पावसात वही भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत. महिन्याभरात त्यांचा एकही दिवस चुकला नाही. माझे स्वतःचे तीन दिवस चुकले.

महिना संपला. सगळे आकडे मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत भरले आणि 'आर'मध्ये बारग्राफ काढला. आडव्या अक्षावर आठ स्टेशनं, उभ्या अक्षावर सोडलेल्या गाड्यांची सरासरी. दिव्याचा आणि मुंब्र्याचा बार उंच होता, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. माझ्या चोवीस इंची स्क्रीनवर ग्राफ झकास दिसत होता. ग्रुपवर टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या.

रात्री मावशी दारात. हातात मोबाईल.

"दादा, रंग छान आहेत. पण खाली काय लिहिलंय? यातलं आपलं दिवा कुठलं?"

मी म्हटलं, "मावशी, दोन बोटांनी मोठं करून बघा ना."

त्यांनी केलं. अक्षरं मोठी झाली, बार स्क्रीनच्या बाहेर गेले. बार बघावा तर नाव नाही, नाव बघावं तर बार नाही. दोन-तीनदा पुढे-मागे करून त्या म्हणाल्या, "राहू दे, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असेल."

हे वाक्य मला लागलं. मोजणी त्यांची, वही त्यांची, आणि शेवटी विश्वास माझ्यावर ठेवायचा? मग मोजलं कशाला?

रात्री बसून हिशोब केला. तो सांगतो, कारण हा हिशोब प्रत्येकाला जमण्यासारखा आहे.

अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात. एका इंचात 72 पॉइंट. आपली मराठी पुस्तकं साधारण 12 ते 14 पॉइंटात असतात. 'आर'मध्ये तुम्ही काही सांगितलं नाही तर अक्षावरची अक्षरं 12 पॉइंटाची येतात. वाटतं की ठीक आहे, पुस्तकाएवढंच झालं. पण मी चित्र केलं होतं 10 इंच रुंद. मावशींच्या मोबाईलची रुंदी 7 सेंटिमीटर. म्हणजे पंचवीस सेंटिमीटरचं चित्र सातात कोंबलं. 12 पॉइंटाचं अक्षर झालं साधारण सव्वातीन पॉइंट. उकार-वेलांटीसकट सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी डेट बरी म्हणायची.

'आर'मध्येच ग्राफ काढायची दुसरी एक पद्धत आहे, जीजीप्लॉट-टू, हॅडली विकम यांनी बनवलेली. आजकालची पोरं हीच वापरतात. तिथे तर अक्षावरचं अक्षर आपोआप 8.8 पॉइंटच येतं. मूळ आकार 11, आणि अक्षावरच्या अक्षरांना त्याच्या आठ दशांश. म्हणजे आणखी बारीक.

हे आकडे काही चुकीचे नाहीत. कुणीतरी कुठल्यातरी सर्वसाधारण कागदासाठी ठरवलेले आहेत. फक्त ते ठरवताना दिव्याच्या मावशींचा मोबाईल कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. तो माझ्या डोळ्यांसमोर असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्हाला एका कार्यालयात अर्ज द्यायला जायचं होतं. कुठल्या ते लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक त्यांची नव्हती. मी रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला. ए-फोर कागदावर बसावं म्हणून चित्र 10 चं 7 इंच केलं आणि अक्षर वाढवायला घेतलं.

इथे एक गंमत आहे. 'आर'मध्ये अक्षर वाढवायची एकच चावी नाही. सी-ई-एक्स-डॉट-लॅब वाढवलं तर अक्षाचं शीर्षक मोठं होतं, म्हणजे 'स्टेशन' हा शब्द. सी-ई-एक्स-डॉट-ॲक्सिस वाढवलं तर अक्षावरचे आकडे मोठे होतात. आणि बारग्राफमध्ये बारांखालची नावं मोठी करायला तिसरंच, सी-ई-एक्स-डॉट-नेम्स. मी रोज हे करतो, तरी झोपेत दोनदा चुकीची चावी फिरवली. शेवटी नावांचं 2 केलं, म्हणजे दुप्पट. अक्षरं टपोरी आली. बार बघितले, बरोबर. पीएनजी सेव्ह केली, सकाळी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली, आठ कॉप्या मारल्या आणि निघालो.

आम्ही पाचजण होतो. मावशीही आल्या होत्या, दोन घरांचा खाडा करून. खाड्याचे पैसे कापले जातात, हे लक्षात घ्या.

साहेबांनी अर्ज वाचला. सभ्य माणूस, बसायला सांगितलं, पाणी विचारलं. मग ग्राफचा कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला, आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही दिव्याचे ना? यात दिवा कुठाय?"

मी कागद बघितला. बार आठ होते. नावं चारच होती. ठाणे, मुंब्रा, कोपर, ठाकुर्ली. कळवा नाही, दिवा नाही, डोंबिवली नाही, कल्याण नाही. ठाकुर्ली आहे आणि कल्याण नाही! डोंबिवलीकरांनी मला तिथेच सोडलं नसतं.

माझ्या कानशिलं तापली. काही बोलायच्या आत मावशी उठल्या, कागदावर ठाण्यापासून बोटाने मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि चौथ्या बारावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा बघा साहेब, हे आमचं. ठाण्यापासून चौथं." गाडीत खिडकीबाहेर दिसत नसतं तेव्हा आपण सगळेच स्टेशनं अशीच मोजतो.

साहेब म्हणाले, "ताई, तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण हा कागद पुढे जाईल तिथे मोजून दाखवायला तुम्ही नसणार. नावं नीट टाकून द्या, मग जोडतो." अर्ज घेतला, कागद परत दिला. त्यांचं बरोबर होतं.

परतीच्या गाडीत मी कुणाशी बोललो नाही.

झालं काय होतं ते ऐका. 'आर'मध्ये अक्षावर नावं लिहिताना डावीकडून उजवीकडे एकेक नाव लिहिलं जातं, आणि दोन नावांमध्ये निदान इंग्रजी 'एम' अक्षराएवढी मोकळी जागा राहील हे बघितलं जातं. जागा नसेल तर पुढचं नाव सरळ गाळलं जातं. ना सूचना, ना तांबडं अक्षर. मी अक्षर दुप्पट केलं, वर चित्र अरुंद केलं. ठाणे लिहिलं, कळव्याला जागा उरली नाही, गाळलं. मुंब्रा लिहिलं, दिवा गाळलं. एकाआड एक. हे लपवाछपवी नाही, या भाषेच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. मला ते माहीतही होतं. उभे अंक असतील, 0, 5, 10, 15, तर मधला एखादा गाळला तरी काही बिघडत नाही, वाचणारा समजून घेतो. पण स्टेशनाचं नाव गाळलं तर दोन नावांच्या मध्ये काय आहे ते कुणी समजून घेणार नाही.

आणि मला ते दिसलं का नाही? कारण मला नावं पाठ होती. मी बार बघत होतो. खालची नावं डोक्यात होती, म्हणून कागदावर आहेत की नाहीत ते बघितलंच नाही. ग्राफ काढणारा माणूस स्वतःचा ग्राफ कधी वाचत नाही, ही खरी भानगड आहे.

मग नीट केलं. ज्यांना उपयोग आहे त्यांच्यासाठी लिहितो, बाकीच्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

बार उभे न काढता आडवे काढले. मग नावं डाव्या बाजूला एकाखाली एक येतात, इंडिकेटरसारखी, आणि कितीही लांब नाव असलं तरी शेजारच्याला धक्का लागत नाही. त्यासाठी एल-ए-एस ही किंमत 1 ठेवायची, म्हणजे अक्षरं आडवीच राहतात, माना वाकड्या कराव्या लागत नाहीत. पण डावीकडे समास वाढवावा लागतो. आपोआप मिळणारा समास चार ओळींचा असतो. तो तसाच ठेवला तर 'डोंबिवली'चं 'डों' कागदाबाहेर जातं आणि नुसतं 'बिवली' उरतं. मी आठ ओळींचा केला. शिवाय आडवे बार खालून वर रचले जातात, त्यामुळे ठाणं तळाला गेलं होतं. यादी उलटी करून दिली तेव्हा ते वर आलं.

जीजीप्लॉट-टू वापरणाऱ्यांना वेगळा धोका आहे. तिथे नावं गाळली जात नाहीत, एकमेकांवर चढतात. साडेआठच्या गाडीसारखी. इलाज तोच, बार आडवे. आणि आकार वाढवायचा तर नुसता मूळ आकार 11 चा 16 करा, म्हणजे सगळी अक्षरं प्रमाणात वाढतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्र 10 इंचाचं करूच नका. मोबाईलवर बघणार असाल तर 4 इंच रुंद करा. चित्र जेवढं कमी आक्रसेल तेवढं अक्षर शाबूत राहील.

मराठीची आणखी एक अडचण. आपल्या अक्षराला वर रफार, अनुस्वार, खाली उकार. बारीक अक्षराची झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आधी हेच जातात. 'मुंब्रा'चं 'मुब्रा' होतं, 'ठाकुर्ली'चा रफार उडतो. त्यामुळे इंग्रजीला जो आकार पुरतो तो मराठीला पुरत नाही. आणि 'आर'मधून साधी पीडीएफ काढली तर मराठीच्या जागी नुसते ठिपके येतात. त्यासाठी कैरो-पीडीएफ वापरा, नाहीतर पीएनजी काढा आणि जोडाक्षरं नीट लागली का ते डोळ्यांनी बघा. हे टाळायला लोक नावं इंग्रजीत टाकून मोकळे होतात. मीही ऑफिसात तेच करतो. इथे केलं नाही.

नवा ग्राफ ग्रुपवर टाकायच्या आधी मावशींच्या मोबाईलवर पाठवला. त्यांनी चष्मा न लावता वाचला. "ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा." मग आमच्या बारावर बोट ठेवून वही उघडली आणि आकडा जुळतो का ते बघितलं. जुळला. म्हणाल्या, "आता माझं आहे हे."

आता सार्वजनिक मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं.

बिस्किटाच्या पुड्यावर किंमत आणि वजन किती मिलिमीटर उंचीच्या आकड्यात छापायचं याचे नियम आहेत. वैधमापनशास्त्राचे आवेष्टित वस्तूंचे 2011 चे नियम बघा. पाच रुपयांच्या पुड्याला नियम आहे. पण तुमच्या-माझ्या प्रभागाचा नकाशा, रस्तारुंदीचा आराखडा, अंदाजपत्रकातला तक्ता भिंतीवर लागतो, तेव्हा त्यावरची अक्षरं वाचता यावीत की नाही याचा आग्रह कुणी धरत नाही. भलामोठा नकाशा संगणकावर बनतो, मग छोटा करून कागदावर, कागदाचा फोटो, फोटो व्हॉट्सॲपवर. शेवटी आपली गल्ली रेषेच्या अलीकडे की पलीकडे हे सांगायला जाणकार लागतो. आणि जाणकार म्हणजे कोण असतो, ते तुम्ही जाणता.

माहिती अधिकार कायदा 2005 सगळे सांगतात, पण त्यातलं कलम 4 चं पोटकलम 4 कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की माहिती पोचवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वात परिणामकारक ठरेल अशी पद्धत विचारात घ्यायची. माझ्या मते सव्वा मिलिमीटरचं अक्षर त्यात बसत नाही. पुढच्या वेळी नकाशा किंवा तक्ता मागाल तेव्हा अर्जात एक ओळ वाढवा: 'मूळ आकारात, मजकूर वाचता येईल अशी प्रत द्यावी.'

आणि दुसऱ्यांना सांगायच्या आधी आपण. आपले मंडळवाले, सोसायटीवाले, प्रवासी ग्रुपवाले, मी धरून, सगळे ग्राफ आणि तक्ते फॉरवर्ड करत असतो. टाकायच्या आधी चार गोष्टी बघा:

1. जो वाचणार आहे त्याच्याच मोबाईलवर किंवा कागदावर बघा. तुमच्या स्क्रीनवर नाही.
2. बार मोजा, नावं मोजा. दोन्ही सारखी पाहिजेत.
3. आकडा कशाचा आहे ते अक्षाशेजारी मराठीत लिहा. आमच्या पहिल्या ग्राफवर इंग्रजीत नुसतं 'मीन' लिहिलं होतं. आता 'एका माणसाने एका सकाळी सोडलेल्या गाड्या' असं लिहिलंय.
4. झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघा. कागद पुढे जातो तो तसाच जातो.

अर्जाचं पुढे काय झालं? नवा कागद जोडला, पोच मिळाली, शिक्का आहे. बाकी अजून काही नाही. गर्दी तीच आहे. आज सकाळीही मी दोन गाड्या सोडल्या. मावशींची दुसरी वही सुरू झाली आहे, आणि या महिन्यात कोपरवरून मोजायला आणखी तीनजण मिळालेत. मुंब्र्याहून मात्र एकच माणूस उरलाय. मुंब्र्याहून कुणी सकाळी सात ते नऊमध्ये प्रवास करत असेल आणि रोज एक आकडा कळवायला तयार असेल तर मेसेज करा.

कुणाच्या बिल्डिंगने पाण्याच्या वेळा लिहून ठेवल्या असतील, कुणी टँकरचा हिशोब ठेवला असेल, तर वहीच्या पानांचे फोटो पाठवा. ग्राफ मी काढून देतो, पैसे नाहीत. फक्त तो कोण वाचणार, कशावर वाचणार, तेवढं आधी सांगा.